साथीची बातमी आणि गरिबाची भाषा

साथीच्या दिवसांत औषधाइतकीच खऱ्या व समजेल अशा बातमीची गरज असते. सन २०२० सालीं करोनाची साथ आली, तेव्हां ही गरज वर्तमानपत्रांनीं, वाहिन्यांनीं व सरकारी खात्यांनीं कितपत भागविली, याचा विचार पुढची साथ येण्यापूर्वींच झाला पाहिजे.

‘क्वारंटाइन’, ‘कंटेनमेंट झोन’ हे शब्द रोज छापून येत. पण एका खोलीच्या घरांत रोगी वेगळा ठेवावा कसा, हें सांगणारी ओळ क्वचितच सांपडे. त्यांत कहर म्हणजे ‘सामाजिक अंतर’ हा शब्द! ज्या देशांत पाणवठ्यावर व देवळाच्या पायरीवर पिढ्यान् पिढ्या सामाजिक अंतर पाळलें गेलें, तेथें तेंच पाळा असें सांगतांना फार थोड्यांची जीभ अडखळली. पाहिजे होतें तें शरीराचें अंतर. जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२० मध्येंच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. आमच्या गांवच्या भिंतीवरील पाटी मात्र बदलली नाहीं.

त्याच सालीं सप्टेंबरांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. त्या कामांत मीही घरोघर फिरलों. एका म्हातारीनें तापलेला नातू आंत लपवून ‘घरांत कोणी नाहीं’ म्हणून सांगितलें. तिला रोगाचें भय नव्हतें. गाडी पोरास नेईल व गांव तोंड फिरवील, याचें होतें. वाहिनीवर तिनें मृतांचे आंकडे व धांवणाऱ्या रुग्णवाहिका पाहिल्या होत्या. बरा होऊन घरीं आलेला माणूस पाहिला नव्हता. मीं तिच्या ओट्यावर बसून किती दिवस, काय खावें, काय करावें, हें बोटांवर मोजून सांगितलें, तेव्हां तिनें पोरास बाहेर आणलें.

पुढें १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांस लस खुली झाली. त्यासाठीं आधीं ऑनलाइन नोंदणी सक्तीची, आणि ती आरंभीं इंग्रजींत! मराठी आली ती जूनांत. तोंवर शहरची मंडळी मोटारीनें येऊन खेड्यांतील केंद्रांवर लस घेऊन गेली. इकडे ‘खेडवळ लोक लशीस भितात’ असे मथळे झळकत होते. दार लावून घ्यावयाचें आणि पाहुणा आला नाहीं म्हणून ओरडावयाचें, यांतलाच हा प्रकार!

सन १८९७ च्या प्लेगांत पुण्यास गोरे शिपाई घरांत शिरले, तेव्हांही लोकांनीं रोगी लपविले. त्याच सालीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च रोजीं प्लेगानेंच गेल्या. त्या वर्षींचा साथरोग कायदा सरकारनें २०२० सालीं पुन्हां बाहेर काढला. सावित्रीबाईंची रीत मात्र आशा ताईंनींच चालविली. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आशांचा गौरव केला. पण लोक कशास भितात, काय विचारतात, हें त्यांच्यापाशीं जाऊन किती बातमीदारांनीं विचारलें?

आमचें मागणें थोडें आहे. साथीची प्रत्येक सूचना छापण्यापूर्वीं एका आशा ताईस व एका न शिकलेल्या बाईस वाचून दाखवावी; त्यांस समजली नाहीं तर ती पुन्हां लिहावी. मृतांच्या आंकड्याशेजारीं बऱ्या झालेल्यांचा आंकडा तितक्याच ठळक अक्षरांत द्यावा. आणि बंधूंनो, न समजलेली सूचना निमूटपणें ऐकून घेऊं नका. गांवसभेंत उभे राहा व तिचा अर्थ विचारा.