कल्पित ग्रंथाची प्रमाणता

भयकथेने जुन्या मंत्रग्रंथांतून सामग्री उचलली, हे सर्वमान्य आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा व्यवहार उलट दिशेनेही झाला. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याने कल्पिलेला ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा ग्रंथ त्याचे ठळक उदाहरण होय.

१९२७ मध्ये लव्हक्राफ्टने या ग्रंथाचा लटका इतिहास रचला. मूळ अरबी संहिता, इ. स. ९५० मधील ग्रीक आणि १२२८ मधील लॅटिन भाषांतर, असा त्याचा क्रम आहे. लॅटिन भाषांतरकाराचे नाव सतराव्या शतकातील एका डॅनिश विद्वानाचे आहे. उपलब्ध प्रतींच्या यादीत ब्रिटिश म्युझियम व हार्वर्डचे ग्रंथालय यांच्या शेजारी मिस्कॅटॉनिक हे सर्वस्वी काल्पनिक विद्यापीठ बसविले आहे. पाठचिकित्सेची परिभाषाच येथे भयनिर्मितीचे साधन ठरते. लव्हक्राफ्ट स्वतः जडवादी होता. हा ग्रंथ आपणच कल्पिला, असे तो पत्रांतून स्पष्ट सांगत असे.

१९७२ मध्ये अँटन लावे याच्या ‘द सॅटॅनिक रिच्युअल्स’ या पुस्तकात लव्हक्राफ्टच्या कथासृष्टीवर बेतलेले विधी आले. तेथे कल्पिताचे कल्पितपण झाकलेले नव्हते. १९७७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘सायमन’ या टोपणनावाने प्रत्यक्ष ‘नेक्रोनॉमिकॉन’च प्रकाशित झाला. त्यात सुमेरी-बाबिलोनी देवता आहेत, लव्हक्राफ्टच्या थुलूशी नाते सांगणारा ‘कुटुलू’ आहे, आणि प्राचीन ग्रीक हस्तलिखित हाती लागल्याचा दावाही आहे.

मंत्रग्रंथ नेहमीच परक्या नावाने लिहिले गेले, सॉलोमनच्या नावावरही ते आहेत. मग सायमनलाच दोष का, असा युक्तिवाद संभवतो. तो अपुरा आहे. सॉलोमनच्या नावामागे श्रद्धेची परंपरा होती. येथे मूळ कर्त्याची कबुली लेखी उपलब्ध आहे. कथेचा वाचक अविश्वास जाणून-बुजून दूर ठेवतो. सायमनच्या ग्रंथाची प्रस्तावना ही संमती न मागताच तिचे फळ घेते.

म्हणून असे ग्रंथ बनावट ठरवून बाजूला सारणे, ही अभ्यासातील पळवाट होय. हस्तलिखिताचा वृत्तान्त, भाषांतराची कैफियत, संपादकीय टिपा यांवर अभ्यासक विश्वास ठेवतो. तोच विश्वास येथे वापरला गेला आहे. तेव्हा या ग्रंथांतील मंत्रांपेक्षा त्यांच्या प्रस्तावनांचे वाचन समीक्षेने अधिक गांभीर्याने करणे अगत्याचे आहे.