दुधाची बाटली आणि ‘अडाणी आई’

व्हिक्टोरियन काळातील ब्रिटिश घरांत तान्ह्या मुलाला वरचे दूध पाजण्यासाठी एक खास बाटली वापरली जाई. बाटली काचेची आणि चपटी. तिच्या बुचातून एक लांब रबरी नळी निघे आणि नळीच्या टोकाला निपल असे. ती मुलाच्या कुशीशी ठेवली की मूल आपले आपण चोखत राही, कुणाला धरून बसावे लागत नसे. ‘अलेक्झांड्रा’, ‘प्रिन्सेस’ अशी राजघराण्याची झळाळी असलेली नावे या बाटल्यांना दिली जात. पुढे मात्र त्या ‘खुनी बाटल्या’ म्हणून कुप्रसिद्ध झाल्या. नळीचा आतला भाग धड घासता येत नसे. उरलेल्या दुधाचा थर तिथेच आंबे आणि नंतरचे प्रत्येक दूध त्या थरावरून वाहत मुलाच्या पोटात जाई.

या बाटलीची गोष्ट सांगताना एक वाक्य हटकून जोडले जाते : त्या काळच्या आयांना स्वच्छतेचे ज्ञान नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे वाक्य इतक्या सहज स्वीकारू नये.

१८६१ मध्ये इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. इंग्लंडमधील सुशिक्षित मध्यमवर्गाने तो घरोघरी ठेवला. बाटलीला एकदा नीट बसवलेले निपल नवे लावेपर्यंत काढण्याची गरज नाही आणि नवे साधारण पंधरवड्याने लागेल, असा सल्ला त्यात आहे. बीटनबाई अडाणी नव्हत्या, बेफिकीर तर नव्हत्याच. ग्रंथ निघण्यापूर्वी त्यांचे स्वतःचे पहिले मूल काही महिन्यांचे असतानाच गेले होते. सूक्ष्मजंतूंविषयी पाश्चरचे संशोधन त्या सुमारास नुकते आकार घेत होते. अज्ञान होते ते साऱ्या युगाचे. ते एकट्या आईच्या, त्यातही गरीब आईच्या, खात्यावर का मांडले गेले, हा खरा प्रश्न आहे.

याच दशकात बाळाचा आहार प्रयोगशाळेत शिरला. यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ आणि थोडे पोटॅशियम बायकार्बोनेट गाईच्या दुधात शिजवून आईच्या दुधाला पर्याय तयार केला. कागदावर तो चोख होता. करायला मात्र किचकट : मापे काटेकोर, आच मंद, वेळ मोजलेला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील वेव्हे येथे आँरी नेस्ले याने दूध, भाजलेले पीठ आणि साखर यांची कोरडी भुकटी बाजारात आणली. तिच्यात फक्त पाणी घालून शिजवायचे. नेस्लेच्या यशाचे श्रेय सहसा पोषणाला दिले जाते. ते अधिक करून या सोपेपणाला द्यायला हवे. पण ‘फक्त पाणी’ या दोन शब्दांत केवढे गृहीत धरलेले होते! कुठले पाणी, कोणी भरलेले, किती वेळ उकळलेले?

जंतूंचे ज्ञान पसरल्यावर साठवणीचा प्रश्न सोडवण्याचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयत्न म्युनिकच्या फ्रान्झ फॉन सॉक्सलेट याने केला. १८८६ मध्ये त्याने सुचवलेली पद्धत आजही चकित करते. दिवसभराचे दूध एका भांड्यात न ठेवता एकेका वेळेपुरते लहान बाटल्यांत भरायचे आणि सगळ्या बाटल्या एकत्र पाण्याच्या पातेल्यात तापवायच्या. पुढे सुधारलेल्या उपकरणात प्रत्येक तोंडावर रबराची चकती असे. तापताना वाफ बाहेर पडे. निवताना आत पोकळी निर्माण होऊन चकती घट्ट ओढली जाई. भूक लागली की एक बाटली उघडायची, बाकीच्यांना हवा लागत नाही. उरलेले दूध टाकून द्यायचे. उष्टे परत साठवायचे नाही, हे वेगळे सांगावेच लागत नसे. बाटलीच ते सांगे.

युक्ती उत्तम, पण तिला डझनभर बाटल्या लागत, मोठे पातेले लागे, रोजचे सरपण किंवा कोळसा लागे. कारखान्यात बारा तास राबणाऱ्या, एका खोलीत सहा जणांसह राहणाऱ्या बाईकडे यातले काय होते?

हे ज्यांनी ओळखले, त्यांनी उपदेशाऐवजी स्वयंपाकघरच बाहेर काढले. नॉर्मंडीतील फेकाँ या मच्छीमारांच्या बंदरात डॉ. लेओं द्युफूर यांनी १८९४ मध्ये ‘दुधाचा थेंब’ या नावाचे केंद्र उघडले. आईने यावे, दिवसभराच्या निर्जंतुक केलेल्या, भरलेल्या बाटल्यांची टोपली न्यावी आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या परत आणाव्यात. मुलाचे वजन तिथेच होई. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून असेच दूधकेंद्र चालवले होते. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स नगरपालिकेने १८९९ मध्ये त्याचे अनुकरण केले. फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून लांब नळीच्या बाटल्यांवर बंदीही घातली. ब्रिटनमध्ये त्या विसाव्या शतकातही विकल्या जात राहिल्या. १९०६ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी बालमृत्यूवरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात प्रश्नाचे मूळ शेवटी मातृत्वात शोधले. गटारे आणि दुधाचा पुरवठा याविषयी त्याच ग्रंथात भरपूर लिहिले आहे. लक्षात राहिली ती आई. नळीची बाटली बनवणाऱ्याला शिकवण्याचे वर्ग कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

अर्ध्या शतकानंतरची अमेरिका पाहा. अनेक घरांत बाष्पित दूध, पाणी आणि मक्याचा पाक मिसळून आई सकाळी दिवसभराच्या बाटल्या भरी, टोपणे सैल ठेवून उकळत्या पाण्यात सुमारे पंचवीस मिनिटे तापवी आणि निवल्यावर रेफ्रिजरेटरमध्ये ओळीने मांडून ठेवी. म्हणजे मूळ सॉक्सलेटचीच रीत. ती निभली, कारण त्या स्वयंपाकघरात नळ होता, गॅस होता, फ्रिज होता. अमेरिकन आई जगातल्या इतर आयांहून शहाणी होती म्हणून नव्हे.

हे स्वयंपाकघर सोबत न पाठवता डबे तेवढे जगभर पाठवले गेले, तेव्हा काय झाले ते डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये सांगितले. भाषणाचे शीर्षक होते ‘दूध आणि हत्या’. गोड कंडेन्स्ड मिल्क बाळाचे अन्न म्हणून खपवण्याविरुद्ध त्या बोलल्या. १९७४ मधील ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका, १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला नेस्लेवरील बहिष्कार आणि १९८१ ची जागतिक आरोग्य सभेची विपणन संहिता ही त्यानंतरची परिचित वाट. संहितेच्या बाजूने ११८ मते पडली, विरोधात एक, अमेरिकेचे. मात्र या लढ्याच्या साहित्यातही पावडर पातळ करून पाजणारी आई बऱ्याचदा अजाण म्हणून रंगवली गेली. तिचा हिशेब अजाण नव्हता. मजुरीचा मोठा हिस्सा डब्यावर जातो आणि तो थोडेच दिवस पुरतो, हे कळल्यावर ती दुसरे काय करणार होती?

भारतात बाटलीपूर्वी बोंडले होते : चांदीचे, पितळेचे, चोच असलेले लहानसे भांडे. त्यातून घुटी पाजत, प्रसंगी वरचे दूधही. बोंडल्याने मुले दगावत नसत असे मानण्याला कसलाच आधार नाही. जुन्या वस्तूंविषयीचा गहिवर आवरलेला बरा. पण ते सताड उघडे असते, बोट आतवर फिरते, घाण लपायला कोपरा नसतो. विसाव्या शतकात डबे आले, आणि मराठी घरांत गुटगुटीत बाळाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची पद्धत पडली. जाहिरात भाषेत मुरते ती अशी. म्हणून १९९२ चा भारतीय कायदा महत्त्वाचा. त्याच्या नावातच पर्यायी दुधासोबत ‘फीडिंग बॉटल’ आहे, आणि डब्यावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र छापायला त्यात मनाई आहे. कायद्याने बोट आईकडे न दाखवता विकणाऱ्याकडे दाखवले.

याचा अर्थ पावडरचे दूध वाईट असा नव्हे. आई गेलेली, आजारी असलेली, अंगावर दूध न येणारी, मूल दत्तक घेतलेली : अशा घरांत त्या डब्याने जीव वाचवले आहेत, आजही वाचवतो. तंटा डब्याशी नाही. डब्यावरच्या सूचना पाळण्याची साधने कुणी पुरवायची, याचा आहे.

बोट्स्वानाचे उदाहरण या संदर्भात अंगावर येते. एचआयव्हीबाधित आयांकडून बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून तेथील सरकार पावडर मोफत देत असे. हेतू निर्मळ होता, आयांना मार्गदर्शनही होते. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या अतिवृष्टीनंतर २००६ च्या आरंभी अतिसाराची साथ आली आणि शेकडो बालके दगावली. तपासात नळाचे पाणी दूषित आढळले, आणि रुग्णालयात आलेल्या बाळांत अंगावर न पिणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. या आयांना अडाणी कोण म्हणेल?

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाटली तयार करण्याचे आणि ठेवण्याचे नियम प्रसिद्ध केले. पावडर मुळात निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाचे हवे. बनवलेले दूध बाहेर ठेवल्यास दोन तासांत पाजावे, नाहीतर ओतून द्यावे. लगेच थंड करून ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवल्यास चोवीस तास चालते. नियम बिनचूक आहेत. दोन तास आणि चोवीस तास यांच्यामध्ये एक फ्रिज आहे, आणि त्याला अखंड वीज लागते. ज्या घरात ती नाही, तिथे रात्री दोन वाजता मूल रडले की चूल पुन्हा पेटवावी लागते, पाणी पुन्हा उकळावे लागते, आणि सकाळी त्या बाईला कामावर जायचे असते.