औषधाची बाटली आधी खाली ठेवा!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही एका बोटभर माशासाठी.

नातवाने हट्ट करून टाकीसाठी एक पफरफिश आणला. हिरवट पाठ, त्यावर काळे ठिपके, आणि बिथरला की पाणी पिऊन टम्म फुगणार. आपल्या कोकणात या कुळातल्या माशांना केंड म्हणतात. दुकानदार म्हणाला, "बाई, गोड्या पाण्यात मस्त राहतो."

महिन्याभरात अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. पुन्हा तेच दुकान. त्याने निळं औषध दिलं. मी जन्मभर मुलांना "सूचना नीट वाचा" सांगितलेलं, त्यामुळे थेंब मोजून टाकले. तिसऱ्या दिवशी मासा तळाशी आडवा! नातू एवढंच म्हणाला, "आजी, औषध तूच घातलंस ना?"

हो, मीच घातलं. बाटलीवर तांब्याचा क्षार असं छापलेलं होतं, पण त्याचा अर्थ मी नंतर शोधला. या माशाला नेहमीसारखे खवले नसतात, त्यामुळे तांबं त्याला फार बाधतं. शिवाय तो ठिपक्यांचा परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवतही नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधतात तेव्हाच काय ती मरतात. म्हणजे मी कोणाला मारत होते? माशालाच!

मूळ दुखणं पाण्याचं होतं. हा मासा दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या खाड्यांचा, निमखाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यात त्याची ताकद खचते. उलट, हा गोड्या पाण्यातला परजीवी खारटपणात टिकत नाही. 2004 साली याच जातीचा जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं वाचली, आणि विकणाऱ्याला त्याचं पाणी ठाऊक नाही! कमाल आहे की नाही?

दुसऱ्या माशालाही ठिपके आले, तेव्हा बाटलीला हात लावला नाही. समुद्री टाकीसाठी मिळतं ते मीठ आणलं (स्वयंपाकाचं नव्हे!), हायड्रोमीटर आणला. पाणी बदलताना थोडं थोडं मीठ वाढवत घनता 1.006 वर नेली. घाई केली तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. तीन आठवड्यांत अंग स्वच्छ झालं.

कोणी म्हणेल, मग औषधं काय शोभेला असतात? अजिबात नाही. खाडीतून पकडून आणलेल्या माशांच्या पोटात बऱ्याचदा जंत असतात. मासा खातो, तरी पोट खपाटीला. तिथे मीठ उपयोगाचं नाही, जंतांचं औषधच लागतं. पण आधी रोग ओळखा, मग बाटली उघडा! आपण माणसंसुद्धा नाक गळलं की गोळी मागतो, तीच खोड टाकीतही.

माझा राग दुकानदारावर आहेच. खाडीचा मासा गोड्या पाण्यातला म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक. पण विकत घेताना "याला पाणी कुठलं लागतं?" हे मीही तपासलं नव्हतं. चाळीस वर्षं प्रश्न विचारायला शिकवणारी बाई तिथे गप्प बसली.

असो. तुमच्या घरी टाकी असेल तर एवढं ऐका. आधी पाणी तपासा. औषध नंतर.