ते आपलं नाही?

घरातली पोरं मोबाइलवर जपानी लोणची बघतात आणि पाकीट मागवू म्हणतात. मोठी माणसं म्हणतात, ‘ते आपलं नाही.’ मला दोघांचंही पटत नाही.

पाकिटाबद्दलची शंका रास्त आहे. जपानी लोणच्यांत मिरिन किंवा साके, म्हणजे दारू, असू शकते. पण म्हणून पदार्थच नाकारायचा का? ‘असाझुके’ हे काही तासांत मुरणारं लोणचं. अर्धा किलो मुळ्याला किंवा काकडीला 10 ग्रॅम मीठ चोळा, वर वजन ठेवा, सुटलेलं पाणी काढा, हवा तर सिरका घाला. सिरक्याची तर हदीसमध्ये तारीफ आहे. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

जपानी लोक भाताच्या कोंड्यातही भाज्या मुरवतात. भात तर आपल्या अकोले तालुक्यातही पिकतो.

हलाल-हरामचा प्रश्न पदार्थात काय घातलंय याचा आहे, तो कोणत्या मुलखातून आला याचा नाही. मिरची तरी कुठे आपली होती? ती पोर्तुगिजांबरोबर आली. आज नगरच्या दस्तरखानावर तिच्याशिवाय घास उतरत नाही.