मंदीत मोबाईलचं दुकान टाकताय? आधी पडून राहिलेल्या मालाचा हिशोब करा



मागच्या आठवड्यात आपल्या चॅनलच्या एका प्रेक्षकाचा फोन आला. वय २६, तालुक्याच्या गावचा मुलगा. म्हणाला, "सर, मार्केट थंड आहे, म्हणून चौकातल्या गाळ्याचं भाडं उतरलंय. डिस्ट्रिब्यूटर स्कीम देतोय. बँक मुद्रामधून पाच लाख द्यायला तयार आहे. मंदीत सुरू केलेला धंदा तेजीत पळतो असं तुम्हीच सांगता. टाकू का मोबाईलचं दुकान?"

सांगितलं असेल मी तसं, नाकारत नाही. खानावळ, क्लास, शिलाईकाम, गिरणी यांच्या बाबतीत आजही सांगेन. पण मोबाईल-टीव्हीच्या मालाला ते लागू होत नाही आणि ते मी त्या व्हिडिओत स्पष्ट बोललो नाही, ही माझी चूक. म्हणून आजचा हा लेख.

माझं मत सरळ आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा माल हा भाजीसारखा असतो. दिसायला कडक पॅकिंगमध्ये, सीलबंद, पण महिन्यागणिक सुकत जातो. तेजीत तो सुकण्याआधी विकला जातो, म्हणून कळत नाही. मंदीत तो तुमच्या फळीवर सुकतो, तुमच्या पैशाने.

आता गिऱ्हाईक मंदीत कसं वागतं ते बघा. पगार कापला, शेतमालाला भाव नाही, तरी माणूस किराणा थांबवत नाही, पोरांची फी थांबवत नाही. टीव्ही, फ्रिज, नवा मोबाईल मात्र आरामात पुढे ढकलता येतो. "चालतोय ना, चालू दे." काच तडकलेला फोन सेलोटेप लावून आणखी एक दिवाळी काढतो.

पुढे ढकलण्याची ही सवय किती पक्की आहे ते २०२५ मध्ये सगळ्या दुकानदारांनी पाहिलं. तेव्हा मंदी नव्हती, पण १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले ते २२ सप्टेंबरला. मधल्या काळात आपला गणपती येऊन गेला. दुकानात लोक येत होते, रिमोट दाबून बघत होते आणि "२२ तारखेनंतर येतो" म्हणून जात होते. ज्यांनी गणपतीसाठी गोदाम भरलं होतं, त्यांचा २८ टक्क्यांनी भरलेला कर पोर्टलवर क्रेडिट म्हणून जमा होता. बुडाला नाही, पण अडकला. आणि अडकलेल्या पैशातून भाडं देता येत नाही!

उलटा अनुभवही आहे, तो लपवत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरला. त्यातच १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. तरी दुकानं उघडल्यावर स्वस्तातल्या स्मार्टफोनला गिऱ्हाईक होतं. कारण पोरांची शाळा मोबाईलवर भरायला लागली होती. घरात कमाई नाही, पण फोन घ्यावाच लागला. म्हणजे मंदीत माणूस खर्च बंद करत नाही, तो "हवं" आणि "लागतं" यात फरक करायला शिकतो. तुमच्या फळीवरच्या मालापैकी किती माल "लागतं" मध्ये बसतो, हा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसरा गैरसमज भावाचा. मंदी आली की इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होतं, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. मागणी पडली की कंपन्या भाव पाडतात, पण आपल्याकडे सुटे भाग बरेचसे बाहेरून येतात आणि ते डॉलरमध्ये. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता, वर्ष संपता संपता पन्नासला टेकला. एकीकडे मागणी नाही म्हणून भाव खाली ओढला जातो, दुसरीकडे रुपया पडला म्हणून वर ढकलला जातो. उद्या काय दर असेल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मग तुमच्या-माझ्यासारख्याने पाच लाखांचा माल भरून अंदाज का बांधावा?

मी बांधला होता. २००८ च्या दिवाळीत माझं दुकान होतं, टीव्ही-मिक्सरचं. एका डिस्ट्रिब्यूटरने एकवीस इंची जुन्या डब्बा टीव्हींवर स्कीम दिली, तीसवर दोन फुकट. मला वाटलं लॉटरी लागली. मंदीची बातमी पेपरात होती, पण ती अमेरिकेतली, आपल्याला काय! दिवाळीत निम्मे गेले. ७ डिसेंबरला सरकारने मंदीवर उपाय म्हणून एक्साइज ४ टक्क्यांनी कमी केली. नवीन लॉट माझ्या खरेदीपेक्षा कमी दराने समोरच्या दुकानात आला. वर लोकांना तोवर चपटा एलसीडी दिसायला लागला होता. शेवटचे संच मी पुढच्या गणपतीत तोट्यात काढले. एक घरीच लावला. आई त्याला "तुझ्या स्कीमचा टीव्ही" म्हणायची.

त्यामुळे स्कीम म्हटलं की मी आधी विचारतो, हा माल एवढा स्वस्त कोण देतोय आणि का? बहुतेक वेळा उत्तर असतं की त्याच्याकडे तो सुकायला लागलाय.

आता त्या मुलाचा हिशोब करू. समजा, साडेबारा हजारांचे ४० मोबाईल भरले. झाले ५ लाख. सुटतात ४ टक्के धरा, म्हणजे सगळे विकले तर २०,००० रुपये. कर्जाचं व्याज वर्षाला १२ टक्के, महिन्याला ५,०००. भाडं उतरलंय म्हणतो, तरी ८,००० आहेच. माल महिन्यात उठला तर हातात ७,००० राहतात, त्यातून लाईट बिल आणि चहापाणी. हाच माल उठायला तीन महिने लागले तर? व्याज १५,०००, भाडं २४,०००, सुटलेले तेवढेच २०,०००. खिशातून १९,००० गेले. त्यात कंपनीने मध्येच हजार रुपयांनी भाव पाडला आणि तुमच्याकडे दहा नग शिल्लक असले, तर आणखी दहा हजार. भाव पडल्यावर फरकाची क्रेडिट नोट मिळते का, किती दिवसांच्या मालावर मिळते, हे लेखी घ्या. तोंडी "बघू की भाऊ" याला काही अर्थ नाही. हप्त्याचंही तसंच. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं.

कोणी म्हणेल, लहान दुकानदाराचंच असं होतं. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सची अवाढव्य साखळी होती, १९४९ पासूनची. जिम कॉलिन्सच्या 'गुड टू ग्रेट' या प्रसिद्ध पुस्तकात तिचं नाव उत्तम कंपन्यांमध्ये आहे. चपट्या टीव्हींचे भाव कोसळत होते, नफा उरत नव्हता. खर्च वाचवायला मार्च २००७ मध्ये तिने ३,४०० जुन्या, जास्त पगाराच्या विक्रेत्यांना काढलं. म्हणजे ज्यांना गिऱ्हाईकाशी बोलता येत होतं, नेमकी तीच माणसं! पुढच्या वर्षी मंदी आली, माल देणाऱ्यांनी उधारी आवळली. १० नोव्हेंबर २००८ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्च २००९ मध्ये शेवटची दुकानं बंद झाली. सुमारे ३४ हजार लोकांची नोकरी गेली. तिची स्पर्धक बेस्ट बाय टिकली. कारणं अनेक असतील, पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बेस्ट बायने २००२ मध्येच गीक स्क्वॉड ही दुरुस्ती आणि जोडणी करून देणारी सेवा विकत घेतली होती. फक्त खोका विकण्यावर तिची भिस्त नव्हती.

मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरूच नका असं म्हणतोय का? नाही. ज्याने नवा फोन पुढे ढकलला, त्याला जुना चालू ठेवायचाय. त्याला बॅटरी बदलून हवी, चार्जिंगची पिन हवी, स्क्रीन हवी, जुन्यातला बरा फोन हवा. इथे माल कमी आणि हात जास्त लागतो. हाताचा भाव कंपनी मध्यरात्री पाडू शकत नाही. दुरुस्ती शिकायला काही महिने द्या, कोणाच्या तरी दुकानात बसून शिका, फुकट बसावं लागलं तरी. नवे फोन ठेवायचे तर दोन-चार ठेवा, बाकी गिऱ्हाईकाने ॲडव्हान्स दिला की मागवा. थोडं कमी सुटेल, पण झोप लागेल. जुना फोन घेताना मात्र विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि आयएमईआय नंबर लिहून ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका, चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. पाच लाख नको, मुद्राच्याच शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, तेवढ्यात टेबल, सोल्डरिंग स्टेशन आणि थोडे पार्ट बसव. गाळा चौकात नको, एसटी स्टँडजवळ अर्धा मिळाला तरी चालेल. तो थोडा नाराज झाला. चकचकीत शोकेस, कंपनीचा बोर्ड, वर दिवे, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणाला, "पण सर, स्कीम शनिवारी संपतेय."

मी म्हणालो, संपू दे. सोमवारी मला पुन्हा फोन कर.