चाकाचं गणित

आमच्या घराण्यात सध्या दोन पक्ष पडले आहेत. विषय जमिनीचा नाही, कुणाच्या लग्नाचाही नाही. विषय आहे टायरचा!

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. त्याच्याकडे १९९० सालची माझ्दा मियाटा आहे. दोनच माणसांची, उघड्या टपाची, बुटकी स्पोर्ट्स कार. तिचे टायर बदलायला झालेत. पुतण्याचं म्हणणं, "काका, बदलायचेच आहेत तर १७ इंची चाकं घालू, २१५/४५ चे टायर. गाडी कसली रुबाबदार दिसेल!" त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, म्हणतात, "कंपनीनं दिलेल्या मापात काडीचा बदल करायचा नाही. ते इंजिनिअर काय वेडे होते?" दर रविवारी फोनवर हाच वाद. आणि निवाडा मात्र माझ्याकडे, कारण मी घरातला मास्तर.

आता मी मास्तर मराठीचा. गाडी मला चालवताही येत नाही. पण गणिताचे गुरुजी रजेवर गेले की सातवीचं गणित मी अनेक वर्षं शिकवलं आहे, आणि टायरचं माप निवडणं हे बरंचसं सातवीचंच गणित आहे. गुणाकार, बेरीज आणि शेकडेवारी. म्हणून माझं मत मांडतो. ते दोघांनाही पूर्ण पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं मत असं: टायरवरचा आकडा म्हणजे वेदवाक्य नाही, आणि दागिनाही नाही. तो आकडा काहीतरी सांभाळण्यासाठी तिथे आहे. काय सांभाळतोय ते ओळखावं, तेवढं पक्कं धरावं. मग आकडा बदलला तरी बिघडत नाही.

आधी आकडा वाचूया. या गाडीचं मूळ माप १८५/६० आर १४. यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ६० टक्के. आर म्हणजे रेडियल, ज्याचं पेटंट मिशलॅं कंपनीनं १९४६ साली घेतलं. आणि १४ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी एककाचे गुण कापले असते. आमच्या लहानपणी सायकलचं बरं होतं, अठ्ठावीस दीड म्हटलं की दुकानदार टायर काढून हातात द्यायचा.

पण एकदा फोड केली की सोपं आहे. १८५ चे ६० टक्के १११. वर आणि खाली मिळून भिंत दोनदा येते, म्हणजे २२२. चौदा इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. बेरीज ५७७.६ मिलिमीटर. ही झाली चाकाची पूर्ण उंची.

हा आकडा गाडीच्या पोटात सगळीकडे गृहीत धरलेला असतो. चाकाचा एक फेरा म्हणजे रस्त्यावरचं किती अंतर, यावर वेगाचा काटा चालतो. गिअर त्याच हिशेबानं ठरलेले असतात. चाकावरच्या कमानीत जागाही तेवढीच ठेवलेली असते.

आता पुतण्याचं माप घेऊ. २१५/४५ आर १७. २१५ चे ४५ टक्के ९६.७५, दुप्पट १९३.५. सतरा इंच म्हणजे ४३१.८. एकूण ६२५.३. मूळ मापापेक्षा जवळजवळ ४८ मिलिमीटर जास्त, म्हणजे सव्वाआठ टक्के! सर्वसाधारणपणे हा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा या धंद्यातला संकेत आहे. सव्वाआठ टक्क्यांचा अर्थ काय? काटा मुळात अचूक धरला, तर तो ताशी ६५ मैल दाखवेल तेव्हा गाडी ७० च्या वर धावत असेल. पोलिसाला हे कारण सांगून बघावं! शिवाय मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागणार, आणि खड्ड्यात किंवा पूर्ण वळणावर ते कमानीला घासणार.

यावर पुतण्या म्हणाला, "मग भिंत आणखी बारीक घेऊ, २०५/४० आर १७." हिशेब केला. ५९५.८. तरी सव्वातीन टक्क्यांच्या जवळ. आणि भिंत उरली फक्त ८२ मिलिमीटरची, मूळच्या १११ च्या जागी. रस्त्याचा धक्का आधी ही भिंत खाते, मग स्प्रिंग. भिंत जितकी बारीक, तितका तो धक्का रिमला आणि आपल्या कमरेला. मोठी रिम बहुधा जडही असते. ही अख्खी गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. हलकेपणा हाच तिचा गुण. जपानी इंजिनिअरांनी ती बनवताना घोडा आणि स्वार एकजीव, अशा अर्थाचं 'जिनबा इत्ताई' हे सूत्र समोर ठेवलं होतं. त्या घोड्याच्या पायात आपण लोखंडी बूट घालायचे का?

रुंदीचंही तसंच. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असं सरसकट मानतात. कोरड्या रस्त्यावर, ताकदवान गाडीला ते बरंचसं खरंही आहे. पण या गाडीचं इंजिन १६०० सीसीचं, ११६ अश्वशक्तीचं. आणि पावसात उलट होतं. हलक्या गाडीखालचा रुंद टायर पाणी कापून खाली बसण्याऐवजी पाण्यावर तरंगायला लागतो. सॅन होजेहून सांताक्रूझला जाणारा हायवे १७ डोंगरातून वळणं घेत जातो, आणि तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो. पुतण्याची मुलगी, माझी नात, यंदा याच गाडीवर गिअर टाकायला शिकते आहे. म्हणून मला हा वाद नुसता गमतीचा वाटत नाही.

आता दादांकडे वळतो. दादा, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. वेडे नव्हतेच ते इंजिनिअर. पण त्याच इंजिनिअरांच्या कंपनीनं काय केलं बघा. या गाडीची दुसरी पिढी १९९८ साली बाजारात आली, तेव्हा काही गाड्यांना जुनंच १८५/६० आर १४ होतं आणि काहींना १९५/५० आर १५. आता हे दुसरं माप मोजा. १९५ चे ५० टक्के ९७.५, दुप्पट १९५. पंधरा इंच म्हणजे ३८१. एकूण ५७६. जुन्या मापाशी फरक किती? १.६ मिलिमीटर! शहाण्यांनी तिन्ही आकडे बदलले आणि उंची मात्र जागच्या जागी ठेवली. परंपरा पाळायची ती अशी.

दुसरं म्हणजे बाजार. जुनंच माप घ्यायचं म्हटलं तरी १४ इंचात चांगल्या पकडीचे टायर आता फार थोडे उरले आहेत. मिळतात ते बहुतेक साध्या छोट्या गाड्यांसाठी, लवकर झिजू नयेत म्हणून केलेले. १५ इंचात मात्र भरपूर निवड आहे. मापाचा अभिमान धरून हलक्या प्रतीचा टायर घ्यायचा, की रिम एक इंचानं वाढवून उत्तम टायर घ्यायचा? रस्त्याला चिकटून राहतो तो रबर, आकडा नव्हे.

उंचीखेरीज आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात, त्या थोडक्यात.

भार आणि वेग. मापापुढे ८२एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८२ म्हणजे त्या टायरनं पेलायचं जास्तीत जास्त वजन ४७५ किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. नव्या टायरवर हे मूळ टायरपेक्षा कमी नसावं.

रिमची रुंदी. या गाडीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचीच रिम चालते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर तो घडीच्या उशीसारखा फुगतो आणि वळणावर डुलतो.

आणि पुढच्या-मागच्याचा मेळ. काही गाड्यांना मागे मुद्दाम रुंद टायर असतात. १९९० च्या दशकातल्या पोर्शे ९११ ला १६ इंची चाकांवर पुढे २०५/५५ आणि मागे २४५/४५ असत, कारण इंजिन मागे, वजन मागे. तिथे चारही सारखे करायला गेलात तर शेपूट घसरायची. मियाटाचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे, म्हणून तिला चारही सारखे. दुसऱ्याच्या गाडीला शोभतं ते आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

आपल्याकडेही पोरं साध्या हॅचबॅकला ट्रकसारखे टायर घालून मिरवतात. त्यांना एवढंच सांगेन की आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी कोणतं माप देते ते आधी पाहा, आणि त्याच्या पलीकडे जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

तर माझा निवाडा: १९५/५० आर १५. हलकी, सहा इंच रुंदीची रिम, चारही टायर एकाच जातीचे. जुन्या १४ इंची रिमा विकायच्या नाहीत, गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या. पुतण्याला एक इंच मिळाला, दादांची उंची शाबूत राहिली. दोघंही थोडे नाराज आहेत, म्हणजे निवाडा बहुधा बरोबर असावा!

पण मंडळी, या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी पाहिलीच नव्हती. पुतण्याला म्हटलं, आत्ताच्या टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतील, ते वाच. निघाले ३११२. म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. खाचा अजून छान खोल होत्या, म्हणून तो निर्धास्त. पण रबर वापरलं नाही तरी वयानं कडक होतं. खाचा कितीही चांगल्या असोत, दहा वर्षांनंतर टायर ठेवू नका, असं अनेक कंपन्याच सांगतात. सतरा की चौदा या भांडणात तीन महिने गेले, आणि तेवढे दिवस पोर त्या म्हाताऱ्या टायरांवर शिकत होती.

म्हणून मापाचा वाद जरूर घाला, पण तो सुरू करण्याआधी तारीख वाचा. आणि नवे टायर बसले की हवा टायरच्या अंगावर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरू नका. गाडीवरच्या पट्टीवर मूळ दाब लिहिलेला असतो, या गाडीला तो फक्त २६ पौंड आहे. तिथून सुरुवात करावी, आणि सकाळी, टायर थंड असताना मोजावी. पुतण्यानं दाब मोजायचं छोटं यंत्र आणलं आहे. ते नातीच्या हातात द्यायचं असं ठरलं आहे, आणि यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं.