काजळीचे मोल

हैदराबादच्या काचीगुडा स्थानकाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. निजामाच्या रेल्वेने १९१६ साली ही भव्य वास्तू उभारली आणि पुढे कित्येक दशके मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या वाटेने मीटर गेजच्या गाडीतून येणारा मराठवाड्याचा विद्यार्थी, वकील वा व्यापारी येथेच पायउतार होत असे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हा राजधानीचे हे दार त्यांचेही दार होते. त्यांना वाहून आणणारी इंजिने कोळशावर धावत आणि तो कोळसा जाळून उरे ती राख नि काजळी.

आज काचीगुड्यास कोळशाचे इंजिन दिसत नाही. स्थानकाच्या आवारात सूर्यप्रकाशापासून वीज तयार केली जाते. म्हणजे कोळशाचे युग सरले असे कोणी म्हणेल. परंतु गंमत अशी की, सूर्य मावळल्यावर ती वीज साठवायची कशात, हा प्रश्न उभा राहताच शास्त्रज्ञांना पुन्हा कार्बनच्याच दारी जावे लागते. आजच्या लिथियम घटांत ऋणाग्र बहुधा ग्रॅफाइटचे असते. ग्रॅफाइट म्हणजे शुद्ध कार्बनच. जगातील या ग्रॅफाइटच्या प्रक्रियेवर चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे. डिसेंबर २०२३ पासून त्या देशाने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा अनेक देशांचे धाबे दणाणले. काल जो कोळसा जाळण्याची वस्तू होता, तो आज राष्ट्राच्या स्वावलंबनाचा प्रश्न झाला आहे.

याच हैदराबादच्या वायव्येस कंदी येथे २००८ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. तेथील रसायन अभियांत्रिकी विभागात प्रा. चंद्रशेखर शर्मा यांचा संशोधक गट अनेक वर्षे कार्बनचाच ध्यास घेऊन बसला आहे. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेली काजळी विद्युत्-घटाच्या अग्रासाठी उपयोगी पडू शकते, असे या गटाने २०१५ साली दाखविले. कार्बनच्या तंतूंची चटई दोन्ही अग्रांस वापरून ५ व्होल्टचा घट त्यांनी २०२१ मध्ये पुढे आणला. त्याच्या अग्रांत कोबाल्ट वा निकेल यांसारख्या महाग आणि परदेशातून आणाव्या लागणाऱ्या धातूंची गरज नाही. त्याच संस्थेत मक्याच्या कणसावरील सालींपासून वीज साठविणाऱ्या उपकरणासाठी कार्बन तयार करण्याचे कामही झाले आहे.

हे ऐकून आमच्या घरातील वृद्ध स्त्रियांना फारसे नवल वाटणार नाही. दिव्याच्या ज्योतीवर भांडे धरून काजळी जमवावी, तुपात खलून तिचे काजळ करावे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. भाताच्या तुसाची राखुंडी दातांस लावली. काळ्या पुडीत गुण आहे हे त्यांना ठाऊक होते. तो कशामुळे, हे विज्ञानाने सांगितले. करवंटी हवेशिवाय तापविली की तिच्यातील पाणी आणि वायू निघून जातात व कार्बनचा सांगाडा उरतो. त्यावर तप्त वाफेचा वा क्षाराचा प्रयोग केला की असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कार्बनच्या अंतर्भागाचे क्षेत्रफळ १००० चौरस मीटरच्या आसपास जाऊ शकते. पाण्यातील दूषित द्रव्ये याच छिद्रांत अडकतात, विद्युत्‌भारही याच पृष्ठभागावर साठविता येतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांचे प्राण वाचविणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा वापरला गेला, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे.

येथे आम्हांस आमच्या किनाऱ्याचा विचार सुचतो. कंदीच्या प्रयोगशाळेने मक्याची साल घेतली, कारण तेलंगणात मका पिकतो. माड आणि काजू आमच्याकडे आहेत. मग करवंटीच्या कार्बनचे विज्ञान आमच्याकडे का फुलू नये? गोवा विद्यापीठ १९८५ पासून ताळगावच्या पठारावर उभे आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चे. जुने गोवे येथे किनारी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. एकास रसायन ठाऊक, दुसऱ्यास झाड ठाऊक, तिसऱ्यास शेतकरी ठाऊक. या तिघांनी एका करवंटीभोवती एकत्र बसावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

ही अपेक्षा केवळ विज्ञानाच्या कौतुकापोटी नाही. गोव्याने एक धडा फार महाग किंमत देऊन घेतला आहे. आमचे लोहखनिज दशकानुदशके बार्जींतून मुरगावला गेले, तेथून परदेशी गेले आणि त्याचे पोलाद तिकडे झाले. आमच्या वाट्यास खड्डे आणि लाल झालेली शेते आली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांवर पोसलेल्या गावांच्या हाती कोणतेही कसब उरले नव्हते. उद्या करवंटीस मोल आले आणि आम्ही ती पोत्यांत भरून कच्ची बाहेर पाठवू लागलो, तर खनिजाचीच कथा लहान प्रमाणात पुन्हा घडेल. मोल वस्तूत नसते, वस्तूवर केलेल्या संस्कारात असते.

मात्र उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की, 'टाकाऊ' हा शब्द प्रयोगशाळेचा आहे, खेड्याचा नव्हे. करवंट्या, झावळ्या, सोडणे हे गरिबाच्या न्हाणीच्या चुलीचे जळण आहे. त्यास बाजारभाव आला की ते प्रथम गरिबाच्या अंगणातून नाहीसे होईल. तेव्हा योग्य भाव आणि पर्यायी इंधन यांची तजवीज आधी हवी. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून तो चुलीकडेच परत नेला. त्या कामास २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. विज्ञान खेड्यात न्यावयाचे ते असे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वनस्पतीपासून केला म्हणून प्रत्येक कार्बन निर्मळ ठरत नाही. उघड्या खड्ड्यात करवंट्या जाळल्या तर शेजारच्या वाड्यावर धूर कोंदतो. तीन-चार किलो करवंट्यांतून जेमतेम एक किलो कोळसा हाती येतो, बाकीचे आकाशात जाते. क्षार वापरावा तर तो धुण्यास पाणी लागते आणि ते पाणी शेवटी ओहोळासच मिळते. 'शाश्वत' हे विशेषण लावण्यापूर्वी किती धूर, किती पाणी, किती ऊर्जा, याचा ताळेबंद संशोधकांनी लोकांपुढे ठेवावा. बंद भट्टी वापरून निघणाऱ्या वायूवरच ती तापविता येते. हे तंत्र ज्ञात आहे, ते गावपातळीवरील सहकारी संस्थांस परवडेल असे करणे हे विद्यापीठांचे काम आहे.

सरकारनेही केवळ परिसंवादांची उद्घाटने करून थांबू नये. एक लहान प्रायोगिक भट्टी, चार-पाच संशोधन शिष्यवृत्त्या आणि माडांच्या बागाईतदारांशी एक लेखी करार, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. खर्च मोठा नाही, चिकाटी मात्र मोठी लागेल. कंदीच्या गटास मेणबत्तीच्या काजळीपासून त्या घटापर्यंत यावयास सहा वर्षे लागली, आणि प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतची वाट याहून लांब असते.

काचीगुड्याच्या छपराखाली एकेकाळी काजळी साचे ती पुसून टाकण्यासाठी. आज त्याच नगरीच्या वेशीवर काजळी जपून जमविणारी माणसे बसली आहेत. फरक काजळीत झालेला नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत झाला आहे. आमच्या परसात पडलेल्या करवंटीकडे त्या डोळ्यांनी पाहण्यास आम्ही शिकणार की तीही एक दिवस बार्जीत भरणार, याचा निर्णय आमच्या विद्यापीठांनी आणि आम्ही सर्वांनी वेळीच केलेला बरा.